लाल हातमोज्यांचं वाण

५ जानेवारी, रविवार

पोचली एकदाची जबलपूरला. स्टेशनवर उतरल्या उतरल्या थंडीनं कान धरले, पण मन असं खूश, की ऑटोवाल्या भैयाशी भाव करायचं पण विसरली. नागपूरला फोन लावला तर आईचा पहिला प्रश्न, स्वेटर घातलं का. दीपाचा पहिला प्रश्न, खोलीत आरसा आहे का. ही पोट्टी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेली आहे आणि आतापासून मलाच शिकवते. सुई टोचायचा सराव माझ्याच दंडावर करते, वर म्हणते, ताई, तुझ्या शिरा काय मस्त आहेत गं! ही नवी डायरी पण तिनंच दिली. तुझं अक्षर इतकं सुंदर, लिहीत जा, म्हणे.

घर घमापुरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. नाफड्यांच्या तीन पिढ्या इथेच झाल्या. श्रीरंगराव रेल्वेतून रिटायर झालेले, बोलणं गोड. मराठीत सुरू करतात आणि 'अच्छा, तो फिर' करत हिंदीत उतरतात. माझा पेशंट म्हणजे त्यांच्या पत्नी, विनीताबाई. आजार सिस्टेमिक स्क्लेरोसिस. यात हळूहळू कातडी आखडते, हे सगळ्यांना दिसते. पण सुरुवात आतून होते. आधी बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, थंडी लागली की बंद पडतात, बोट खडूसारखं पांढरं होतं, मग निळं. बाईंना सहा वर्षं झाली, आता बोटांच्या टोकांना जखमा आहेत. माझं काम गोळ्या, ड्रेसिंग, रक्त काढणं आणि हात ऊबदार ठेवणं. घरीच राहायचं, वरची खोली मला दिली आहे. पगार चांगला.

बाई दिवसभर लाल लोकरीचे हातमोजे घालून असतात, ड्रेसिंगपुरतेच काढतात. आतली बोटं ताणून शिवल्यासारखी, मूठ वळत नाही. शीर सापडणार नाही, दोन नर्सा रडून गेल्या, असं त्यांनी मला आधीच बजावलं. मी पहिल्या टोचण्यातच रक्त काढलं. माझ्या हाताला शीर सापडते, हे मी आपल्या तोंडानं नाही सांगत, वॉर्डातल्या सिस्टर सांगायच्या. (सांगून झालंच म्हणा.)

एकच गोष्ट खटकली. त्या दोघांचा चहा कपबशीत, माझा स्टीलच्या पेल्यात, आणि तो पेला धुऊन वेगळा, खिडकीत. सकाळी मी आडनाव मेश्राम सांगितलं तेव्हा बाईंनी 'अच्छा' म्हटलं होतं. तो 'अच्छा' माझ्या ओळखीचा आहे. जाऊ दे ना बे, काम करायला आली मी, पंगतीला नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज डॉक्टर घरी आले होते. मोबाइलला लावायची भिंगाची एक छोटी क्लिप त्यांनी मला दिली आणि वापरायला शिकवलं. नखाच्या मुळाशी, जिथे कातडी संपते तिथे, तेलाचा थेंब टाकायचा आणि भिंगातून बघायचं. बारीक रक्तवाहिन्या जिवंत दिसतात! डॉक्टर म्हणाले, या आजाराची पहिली चाहूल इथेच लागते, कातडीला काही व्हायच्या कितीतरी आधी.

बाईंच्या नखाशी पाहिलं. मोठमोठे फुगलेले वेढे, मध्ये रक्त सांडल्याचे ठिपके, आणि बाकी जागा उजाड, तिथे काहीच नाही. मग हौसेनं माझं बोट पाहिलं. केसांच्या बारीक लाल पिना एका ओळीत खोचून ठेवाव्या, अशा सरळ. इतकं छान वाटलं की फोटो काढून दीपाला पाठवला. ती म्हणते, फ्रेम करून लाव.

स्वयंपाकाला कलावती येते, इथलीच, हिंदी बोलणारी. तिची एक गंमत आज पाहिली. बाईंचे हातमोजे धुऊन वाळत घालायचे तर ती चिमट्यानं उचलते. मी हसली, आणि माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिला लेक्चर दिलं, की हा आजार असा लागत नाही, स्पर्शानं नाही, कपड्यानं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. बीमारी नाही लागत हे तिलाही ठाऊक आहे, एवढंच म्हणाली आणि चिमट्यानंच दुसरा मोजा उचलला. अडाणीपणाला औषध नाही बाप्पा.

१४ जानेवारी, मंगळवार

आज संक्रांत. आमच्या घरी चौदा एप्रिल मोठा दिवस, ही चौदा जानेवारी म्हणजे कॅलेंडरवरचा एक आकडा. पण इथे सकाळपासून धूम. श्रीरंगरावांनी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून वाणाला म्हणून वाट्यांचा अख्खा ढीग आणला. इथल्या मराठी मंडळातल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं होतं. बाई नऊवारी नेसून, हातमोजे घालून, दारात खुर्ची टाकून बसल्या.

एक बाई आली नाही. एक पण नाही! समोरच्या घरातल्या दोघी नटूनथटून निघाल्या आणि या फाटकाकडे न बघता पुढे गेल्या. मला त्यांचा असा राग आला. आजारी माणसाशी असं वागतात? शिकलेल्या म्हणवता ना स्वतःला?

दिवेलागणीला बाईंनी मला बोलावलं. देवघरात. मी उंबऱ्याशी थांबली तर आत ये म्हणाल्या, पाट दिला, समोर बसवलं. चहा कपबशीत. मी सांगितलं, आमच्यात हे नाही करत, मी कुंकू लावून घेणार नाही. त्या म्हणाल्या की कुंकवाचा आग्रह नाही, वाण तेवढं घे. वाणाला नाही म्हणू नये. आणि दातांनी ओढून त्यांनी ते लाल हातमोजे काढले आणि माझ्यापुढे धरले. आजवर याहून जवळचं काही मी कोणाला दिलं नाही, असं म्हणाल्या. इथल्या इथे घालून दाखव, म्हणाल्या.

मी घातले. त्यांनी माझे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. ऊब अशी की डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. दहा दिवस खिडकीतला पेला पाहून जो राग गिळला होता, तो सगळा गेला. माणसाला किती थोडं पुरतं.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी नळाखाली हात धरला आणि उजव्या हाताचं मधलं बोट पांढरं झालं. अर्ध्यापर्यंत, जसं कोणी रेघ मारून रंग पुसावा. चोळलं, मग निळं झालं, मग लाल होऊन इतकं ठणकलं की ओरडली. थंडी आहे, दुसरं काय. नागपूरच्या हाडांना ही थंडी सोसत नाही. ते हातमोजे घालून झोपते आता.

बाई आज डाळ निवडून राहिल्या होत्या. हातमोज्यांशिवाय. म्हटलं, अंगावर ऊन आहे म्हणून असेल.

१९ जानेवारी, रविवार

आता चार बोटं. सकाळी उठली तर फुगलेली, अंगठी निघत नाही. हाताचं कातडं घट्ट वाटते.

भिंग काढलं. तेल टाकलं. माझ्या त्या पिना वाकड्या झाल्या आहेत. दोन तर फुगून चांगल्या लठ्ठ. एका जागी रक्ताचा ठिपका.

दहा दिवसांपूर्वीचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. तेच बोट. तीच मी. दहा दिवसांत असं होत नाही, वर्षं लागतात. मी शिकली आहे हे. मला माहीत आहे.

मग बाईंचं बोट पाहिलं, ड्रेसिंगच्या वेळी, त्यांना न सांगता. उजाड जागेत बारीक, कोवळ्या, लाल पिना उगवून राहिल्या आहेत. एका ओळीत.

२३ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरांकडे गेली. त्यांनी माझे हात पाहिले, भिंगातून पाहिलं, आणि चेहरा बदलला त्यांचा. रक्त तपासायला पाठवलं. नर्सनं माझं रक्त काढताना तीनदा टोचलं, शीर सापडेना. माझी! दंडावर दीपानं सराव केला त्या शिरा कुठे गेल्या?

मी डॉक्टरांना विचारलंच, बाईंपासून लागलं असेल का. ते हसले. तूच दुसऱ्यांना समजावतेस ना, म्हणाले. योगायोग आहे, लवकर सापडलं हे नशीब समज. विनीताबाईंच्या सुधारणेबद्दल मात्र त्यांना काही उलगडा होत नाही. चमत्कार म्हणून राहिले होते.

घरी आली तर चमत्कार पुऱ्या लाटत होता. मूठ वळून. बाईंनी मला बघितलं आणि माझ्या हातांकडे बघितलं. लाटत राहिल्या.

खिडकीतला पेला परत आला आहे. आता गोळी पण माझ्या हातून घेत नाहीत. टेबलावर ठेव म्हणतात, मी मागे सरकली की मग उचलतात.

२७ जानेवारी, सोमवार

रिपोर्ट आला. तोच आजार. सुरुवात.

मी सरळ बाईंसमोर जाऊन उभी राहिली. काहून माझ्याकडे असं बघता, काय केलं तुम्ही माझं, विचारलं. ओरडलीच मी. श्रीरंगराव पेपर घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या गोड माणसाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं!

बाईंनी लपवलं नाही. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. हातमोजे त्यांच्या जावेचे. सहा वर्षांपूर्वी जावेनं त्यांना वाण म्हणून दिले, जाऊ बरी झाली, आणि बाई अशा झाल्या. संक्रांतीपासून रथसप्तमीच्या सूर्यास्तापर्यंत वाण चालतं, तेवढ्यात दुसरीला देता येतं. तिनं हातात घालायला पाहिजे, बस. रथसप्तमी टळली की मग पुढच्या संक्रांतीपर्यंत वर्षभर भोगायचं. जाळून, फेकून काही होत नाही, उलट देण्याचा रस्ता बंद. मंडळातल्या बायकांना कुणकुण लागली आणि त्यांनी येणं बंद केलं. कलावती तर शहाणीच. मग बाहेरून कोणीतरी आणायची ठरली.

मी विचारलं, मीच काहून. तर म्हणतात कशा, आमच्या आमच्यात दिलं की वाण फिरून घरी परत येतं. तुमच्यात हळदीकुंकू नाही ना. तू कोणाला बोलावशील, आणि कोण येईल?

म्हणून तो पाट. म्हणून ती कपबशी.

२९ जानेवारी, बुधवार

मोबाइल माझा अंगठा ओळखत नाही. ठसे गुळगुळीत झाले.

नागपूरला जायचं मनात आलं, पिशवी भरली, मग उतरवली. हे घेऊन कुठे जाऊ? आईच्या घरी? दीपा तिथे आहे. तिला माझी प्रत्येक वस्तू घालायची सवय, स्वेटर, चपला, कानातले, न विचारता. नाही. हे घरी न्यायचं नाही. काही झालं तरी नाही.

दीपाला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. सुट्टीत इकडे यायचं म्हणत होती ना, येऊ नको म्हटलं. काही कारण नाही, फक्त येऊ नको. साधं बोलायचं ठरवलं होतं. शेवटी रडू आलंच.

३१ जानेवारी

मधल्या बोटाच्या टोकाला खड्डा पडला. काळा. ड्रेसिंग माझं मीच करते. डाव्या हातानं.

बाईंनी आज फ्रिजमधून बर्फ काढला आणि सरबतात टाकला. जानेवारीत! मला बघायला बोलावून.

पेन मुठीत धरून लिहिते. अक्षर बघ कसं झालं. दीपा हसेल.

२ फेब्रुवारी

सापडलं. बाई स्वतःच बोलून गेल्या. फिरून परत येतं, म्हणाल्या. म्हणजे परत देता येतं.

हळदीकुंकू मी करीन. मी, मेश्राम! ताटात तिळगूळ, हातमोजे, सगळं मांडलं माझ्या खोलीत. एकच पाहुणी. वाणाला नाही म्हणू नये, तुमचंच वाक्य आहे बाई. नाहीच घातले तर मी घालीन, धरून. हात अजून तेवढे आहेत.

उद्या बोलावते.

३ फेब्रुवारी

गेल्या. पहाटेच. सतनाला, बहिणीकडे. श्रीरंगरावांनी दारातून सांगितलं, आत नाही आले. रथसप्तमी झाली की येतील जी, म्हणाले. जी!

दुपारी कलावती भांडी घासत होती. गार पाण्यात हात लाल झालेले. मी ताटातले हातमोजे उचलून तिच्या मागे जाऊन उभी राहिली. हो. उभी राहिली. दीदी ये पहन लो, एवढंच म्हणायचं होतं. मला पाहून ती भांडं टाकून भिंतीला लागली. तिचे डोळे —

परत आली वर. नाही दिलं. नाही देणार. एक वर्ष तर एक वर्ष. बोटं जातील, जाऊ दे. पण मी विनीताबाई नाफडे नाही.

हे लिहून ठेवते. विसरायला नको.

४ फेब्रुवारी. रथसप्तमी

सकाळ. अंगणात श्रीरंगराव एकटेच सूर्याला दूध उतू घालवून राहिले. कलावती आली नाही. बोटं निळी. दोन काही कळतच नाहीत.

आज सूर्य मावळू दे. मावळला की कोणाला देता येणार नाही. म्हणजे भीती नाही. भीती आहे ती माझी मलाच. मग मावळ बाप्पा लवकर —

दुपार. बेल वाजली. श्रीरंगरावांनी दार उघडलं, कोणाशी तरी गोड बोलले, वर पाठवलं.

दीपा.

माझा तो आवाज ऐकून घरी बसू का म्हणते, गाडीत बसली आणि आली. स्वेटर घरी विसरली. आल्या आल्या गळ्यात पडली. मी हात मागे लपवले. चहा करते म्हटलं, ताटाकडे लक्षच — खाली गेली, पातेलं मुठींनी धरून — किती वेळ लागला —

वर आली. पलंगावर बसून तिळगूळ खाऊन राहिली होती. किती थंडी गं इथे, म्हणाली. छान आहेत, माझ्यासाठी ठेवले ना?

हातात लाल.

ओरडली मी. तिनं काढून फेकले, हसली, वेडी झाली का ताई म्हणाली. हात धुवायला गेली आहे. काही झालं नसेल. क्षणभर तर घातले. क्षणभर —

न्हाणीतून हाक मारून राहिली. ताई, पाणी किती गार गं. ताई, माझं बोट बघ ना, पांढरं —

हातमोजे पलंगावर आहेत. हात लांब केला की येतील. ऊन अजून खिडकीच्या गजावर आहे. म्हणजे चालते अजून. दे म्हणायचं, घालायचे, बस. मीच मोठी आहे. तिला चालायला मी शिकवलं.

पेन बोटांत आहे. मुठीत नाही, बोटांत. अक्षर कसं सरळ येऊन राहिलं. टोकापर्यंत गरम. किती दिवसांनी —

हाक मारते परत. ऊन गजावरून सरकलं.

उठते. हे वाक्य झालं की उठते. एवढी ऊब फक्त एकदा नीट —